सुरज, तू पिक्चरमध्ये मेलास तेव्हा

खालची वस्ती, ता. पाटोदा, जि. बीड

चि. सुरज यास बंकटमामाचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो, कारण शुक्रवारी आम्ही सगळ्यांनी तुला डोळ्यांदेखत मरताना बघितलं आणि शनिवारी सकाळी तू आईला, म्हणजे माझ्या अक्काला, फोन करून पिक्चर कसा वाटला म्हणून विचारलंस. मेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी अशी चौकशी करावी हे आपल्या वस्तीत पहिल्यांदाच घडलं. बाकी इकडे क्षेम आहे. तुझी मामी छबुबाई बरी आहे. तिचा गुडघा बरा नाही, पण तो लग्नातही बरा नव्हता. मेंढरं बरी आहेत. तुझी आई आणि तुझे आबा मात्र बरे नाहीत, आणि त्याचंच हे पत्र आहे. फोनवर सांगावं म्हटलं तर अक्का माझ्या हातातून फोन ओढून घेते आणि मग दोन्हीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज येतो. म्हणून ऊसतोडीची टोळी घेऊन तामिळनाडूकडे निघालेल्या भागवत मुकादमाच्या हाती हे देतो आहे. (मुकादमाला वाचता येतं, तेव्हा पाकीट डिंकाने चिकटवलं आहे. फोडलेलं दिसलं तर मला कळव.)

आता आधी तुला चार शब्द सुनावतो, मग पुढचं. महिन्यापूर्वी तू फोनवर सांगितलंस की तिकडचा, तामिळ, एवढा मोठा पिक्चर येतोय, सगळा देश त्याची वाट बघतोय आणि त्यात तुला मेंढक्याचं काम मिळालंय. हिरो किती साधा माणूस आहे, त्याने तुला स्वतःच्या हाताने चहा कसा दिला, जेवणात भाताचे किती प्रकार होते, सगळं सांगितलंस. पण बाबा, त्या पिक्चरमध्ये तू मरतोस, एवढी एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली! भाताच्या प्रकारांतला एखादा कमी केला असता तर जागा झाली असती. अक्काने तर पाटोद्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं, आमचा सुरज पिक्चरमध्ये आला म्हणून. शेळी विकायला आलेल्या एका माणसाला सांगितलं तेव्हा तो बिचारा शेळी सोडून तिचंच ऐकत बसला.

शेवटी वस्तीवरची माणसं टेम्पोत बसून बीडला निघाली. पहिल्याच दिवशीचा, संध्याकाळचा खेळ. बायकांनी भाकरी बांधून घेतल्या, लेकरांना आंघोळी घातल्या, शेजारच्या विमलबाईने तर लग्नातलं लुगडं काढलं. राहता राहिले तुझे आबा. तू गेल्यापासून या माणसाच्या तोंडात तुझं नाव नाही, हे तुला माहीत आहे. तू मेंढरं सडकेला सोडून लिंबाखाली मोबाइलवर पिक्चर बघत बसलास, ट्रक कळपात घुसला, आणि त्या दिवशी ते सगळ्यांसमोर म्हणाले, आजपासून हा माझ्यापुरता मेला. दुसऱ्या दिवशी तू टोळीबरोबर गेलास. टोळी परत आली, तू आला नाहीस. त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. तेव्हा त्यांना चला म्हणण्याची कुणाची छाती होणार? मीच गेलो. म्हणाले, "मेंढरांकडं कुनी बघावं? पिक्चरपायीच इस्कोट झाला, अन् पुना पिक्चरच बघू का?" मी टेम्पोत जाऊन बसलो. टेम्पो सुरू झाला, तर ड्रायव्हरच्या शेजारी घोंगडी पांघरून कोण बसलंय? दाजी, तुझे आबाच! म्हणाले, बीडला दवाखान्यात काम हाय. कुठलं दुखणं म्हणून विचारलं तर म्हणाले, "लई प्रश्न इचारतो बे तू." मेव्हण्याला बे म्हणतात, तेव्हा दुखणं मोठं असावं असं समजून मीही सोडून दिलं.

थेटरासमोर ही गर्दी! आपल्या बीडच्या पोरांना त्या हिरोचं नाव नीट घेता येत नाही (मलाही येत नाही), पण त्याचा दोन मजली कागदी पुतळा उभा करून त्याच्या डोक्यावर दूध ओतणं चाललं होतं. मोबाइलवर बघून शिकली म्हणे. अक्काने ते बघितलं आणि सरळ जाऊन एकाच्या हातातली किटली हिसकावली. "कागदाला दूध पाजायलाव का रं? ती बग लेकरं कवाची उबी हायेत." मग ते दूध आमच्या लेकरांनी प्यायलं. पोरं हसली, आणि ही पिक्चरमधल्या मेंढक्याची आई आहे असं कळल्यावर त्यांनी तिच्या पाया पडून तिच्याबरोबर फोटो काढले. अक्का एवढी खूश मी तिच्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती. ते आठवलं की आता जास्तच वाईट वाटतं.

पिक्चर हिंदीत करून आणला होता. सुरुवातीलाच डोंगर, धुकं आणि मेंढरं. लोक हिरोसाठी शिट्ट्या मारत होते आणि आमच्याकडची माणसं मेंढरांची पारख करत होती (जात बारीक आहे, लोकर कमी आहे, पण पाय चांगले, असा एकंदर निकाल लागला). मग धुक्यातून एक जण आला. काठी मानेमागे आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले. तोंड अजून दिसतसुद्धा नव्हतं, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, "आला." एवढंच. मी वळून बघितलं. दवाखान्यातलं काम आटोपून दाजी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसले होते. ती काठी धरायची रीत त्यांचीच आहे, ते ओळखणार नाहीत तर कोण?

मग तुझं तोंड दिसलं. वाळलास रे. अक्का हेच म्हणाली. त्यानंतर ते घोडेस्वार आले. गावातली सगळी माणसं पळाली आणि तू मात्र पळेनास. इकडची मेंढरं वळव, तिकडची वळव, एक कोकरू मागे राहिलं ते उचलायला परत फिर. भाला घेऊन तो दाढीवाला तुझ्यावर चालून येतोय, आणि तू कोकरू छातीशी धरून कळपाच्या आडवा उभा! आणि तेवढ्यात शेवटच्या रांगेतून तुझे आबा उभे राहून ओरडले, "आरं सोड ती मेंढरं! सोड, सुरज! पळ!"

सुरज, मी त्या माणसाबरोबर निम्मं आयुष्य रानात काढलं आहे. लांडगा आला तरी मेंढरू सोड असं त्यांना म्हणताना मी कधी ऐकलं नाही. आणि इतक्या वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते असं. तू काही ऐकलं नाहीस. पडलास. ओरडलास तो आवाजही तुझा नव्हता, कुणा हिंदीवाल्याचा होता.

अक्काने हंबरडा फोडला. विमलबाई शेजारीच होती, आणि रडण्यात विमलबाईचा हात धरणारं आपल्या तालुक्यात कुणी नाही. तिने सूर लावल्यावर बाकीच्या बायकांना गप्प बसून कसं चालेल? पुढच्या रांगेतल्या दोन अनोळखी बायाही रडायला लागल्या. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला, विचारतो, कोण वारलं. बायका म्हणाल्या, आमचा सुरज. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "मंग तुमी इतं काय करायलेत? घरी जावा की." त्यानंतर हिरोने तुझ्या मरणाचा सूड म्हणून दोन तास माणसं कापली म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या कुणी ते बघितलं नाही. आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो, आणि भाकरीचं गाठोडं कुणी सोडलं नाही.

तोड विमलबाईनेच काढली. म्हणाली, जित्या माणसाच्या डोक्याला कावळा शिवला, अपशकुन झाला, म्हणजे पाव्हण्यांना मेल्याची खोटी बातमी धाडून रडून घेतातच की, म्हणजे आलेलं टळतं. त्यातलंच हे. लेकराचं आयुष्य वाढलं. अक्काला ते पटलं, तिने तोंडावर पाणी मारलं आणि टेम्पोत बसली. तिथेच सगळं निभलं असतं.

पण वस्तीवर उतरल्यावर दाजी घरात गेलेच नाहीत. मेंढरांच्या हौदावर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून थंड पाणी ओतून घ्यायला लागले. मेल्याची बातमी आल्यावर करतात तसं. अक्का दारातून ओरडली, "जित्या लेकराची आंगोळ करता व्हय?" मीही म्हणालो, दाजी, पिक्चर होता तो. ते कुडकुडत म्हणाले, "बंकट, मागं म्या मेला म्हनलो, तवा आंगोळ केली न्हवती. तसंच तोंडातून गेलतं. आज त्ये बोलनं धुतलं." मी आपला टॉवेल दिला.

तेव्हापासून अक्का त्यांच्याशी बोलत नाही. ताट पुढे ठेवते आणि तोंड फिरवते. तिचं म्हणणं, मी रडले त्याने आयुष्य वाढलं आणि यांनी आंघोळ करून तेवढं कमी केलं. शनिवारी तुझा फोन आला तरी तिच्या मनातलं जात नाही. आणि दाजी संध्याकाळी मेंढरं आणून बसवतात आणि अंधार पडेपर्यंत सडकेकडे तोंड करून उभे राहतात. काय बघताय म्हटलं तर म्हणतात, काही न्हाई. मला त्यांचं हसू यायचं बंद झालं आहे, यावरून काय ते समज. मामा असून मी तुला सल्ला देत नाही. तू मोठा झालास, तुझं तू बघ. जीव सांभाळ.

तुझा
बंकटमामा

ता. क. अक्का म्हणते, पुढच्या पिक्चरमध्ये जगणाऱ्याचं काम माग. नाही मिळालं तर निदान पळणाऱ्याचं.

ता. क. दुसरं. सल्ला देत नाही असं वर लिहिलं आहे ते बदलायला जागा उरली नाही. ते वाचू नकोस.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दाजी आले आणि सगळं वाचून दाखव म्हणाले. दाखवलं. मग म्हणाले, त्यो पडल्यावर उठलेला काही त्या पिक्चरात दाखवला न्हाई. मी म्हणालो, फोन आला म्हणजे उठलाच की. तर म्हणाले, "फोनचं कानाला कळतंय. डोळ्याला न्हाई कळत." आणखी काय लिहू म्हणून विचारलं. म्हणाले, "लिव्ह, मेंढरांकडं म्या हाय. त्यानं नुसतं यावं."