डाग कशाचा?

प्रिय भोंगाबाई,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष आहेच, पण ती शेवटी. आधी तुझा राग थोडा उतरू दे. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा घसा सुटला का? नव्या सोफ्याची चौकशी मी मुद्दामच करत नाही, कारण हे सगळं पत्र त्याच्यापाशीच अडकणार आहे. मी ठीक आहे. (ठीक नाही. पण पत्राच्या सुरुवातीलाच असं लिहू नये असं शाळेत शिकवलं होतं, आणि तेव्हापासून हाताला ते वळणच पडलंय.)

तुझा निरोप मिळाला. 'माझ्या मोठ्याने हसण्याची तुला चारचौघांत लाज वाटत असेल तर तसं तोंडावर सांग, मला चुकवून खिळ्यांच्या दुकानात शिरू नकोस,' असं लिहिलं आहेस. वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तू पलीकडच्या फुटपाथवरून हाक मारलीस (तुझी हाक म्हणजे अर्धा रस्ता वळून बघतो) आणि मी ऐकूच आलं नाही असं दाखवून हार्डवेअरच्या दुकानात घुसले. दुकानदाराने काय हवं म्हणून विचारलं, तर तोंडातून निघालं, 'बिजागरी.' आता घरात बिजागरी आहे, तिला दार नाही. पण लाज तुझी नाही गं. लाज माझी आहे, आणि अशा जागची आहे की लिहायला घेतलं की पेनच अडतं. शाळेपासून तू भोंगा आणि मी टाकी. तुझ्या पोटात काही राहत नाही आणि माझ्या पोटातून काही बाहेर पडत नाही, म्हणून वर्गाने ठेवलेली नावं. तर भोंगाबाई, टाकी गळायला लागली आहे. समजलीस? नसशील तर पुढे स्पष्ट लिहिते, फक्त पत्र मोठ्याने वाचू नकोस.

तुझा तो फिकट बदामी सोफा आला, आणि पहिला मान माझा म्हणून तू मला त्याच्या मधोमध बसवलंस. मग तुझ्या ऑफिसातले साहेब कपाळावरचा चष्मा टेबलाखाली कसा शोधतात ते करून दाखवायला लागलीस. टेबलाखाली शिरलीस ते शिरलीस, वर येताना डोकं आपटलंस, आणि साहेबांच्याच आवाजात टेबलाला म्हणालीस, 'लेखी खुलासा द्या.' मी हसले. हसता हसता पुरेवाट झाली आणि (आता लिहितेच) लघवी झाली. थोडी. मग थोडी नाही. धाकट्या लेकीच्या वेळच्या बाळंतपणापासून शिंकताना एखादा थेंब जायचा, तो मी कधी मनावर घेतला नव्हता. पण हा थेंब नव्हता. तू अजून टेबलाखालीच होतीस आणि समोर पाण्याचा जग होता. मी तो उचलला, अख्खा मांडीवर ओतला आणि 'अगं बाई, सांडलं!' म्हणून ओरडले. होय. तो जग हातातून निसटला नव्हता. तू बिचारी हेअर ड्रायर घेऊन धावलीस, आणि मला वाळवता वाळवता पुन्हा साहेब सुरू केलेस! मी घरी नळ चालू राहिलाय अशी थाप मारून पळाले. (थाप अगदीच खोटी नव्हती.)

इथवर निभावलं असतं. पण तुला मैत्रीचं केवढं अगत्य! सोफ्याची कव्हरं घेऊन तू सगळी दुकानं ओलांडत आमच्याच ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर आलीस. माझं दिवसभराचं काम तुला माहीत आहे: समोरच्याला निर्लज्जपणे विचारायचं, डाग कशाचा? डाग कळला की औषध ठरतं. लोक दारूला कॉफी म्हणतात, लिपस्टिकला टोमॅटो म्हणतात, मी चेहऱ्यावरून ओळखते आणि मनातल्या मनात हसते. त्या दिवशी तू छातीठोकपणे म्हणालीस, पाण्याचा. मी मान खाली घालून चिठ्ठीवर लिहिलं, पाणी. तेवढ्यात मागून आमच्या मालकीणबाई आल्या. त्यांनी कव्हर उचललं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "हे नुसतं पाणी नव्हे." तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून शब्द पडला, "बोका."

तुझ्या बोक्याने माझं काय घोडं मारलं होतं? तू त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलंस, तिथे त्याला सुया टोचल्या, मग बेचव पथ्याचं खाणं लागलं आणि मुक्काम बाल्कनीत हलला. वर सगळ्या इमारतीत त्याची अब्रू काढलीस. (तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि इथे माझं... जाऊ दे.) नंतर एकदा तुझ्याकडे आले तर तो काचेपलीकडून माझ्याकडे नुसता बघत बसला. त्याला सगळं ठाऊक आहे. त्यानंतर माझं पाऊल तुझ्या दाराकडे वळेना. तू बोलावलंस की कधी माझं डोकं दुखायचं, कधी पाहुणे यायचे. खरं कारण एवढंच, की तू मला हसवतेस. दुसरं कुणी हसवत नाही. म्हणून बाकी सगळ्यांना खुशाल भेटत राहिले आणि जिच्यावाचून करमत नाही तिला एकटीला टाळलं.

शेवटी मालकीणबाईंनीच पकडलं. दुकानात मला शिंकांवर शिंका आल्या, आणि मी कुणाचा तरी इस्त्री करून ठेवलेला लांब लोकरी कोट भर उकाड्यात अंगात चढवून उभी राहिले. त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मी गिऱ्हाइकांना विचारते त्याच सुरात मला विचारलं, डाग कशाचा? मला रडूच फुटलं. त्या म्हणाल्या, "बोका म्हणालीस तेव्हाच कळलं होतं मला. इतकी वर्षं काय बोक्यांनी ओली केलेली कव्हरं धुतली नाहीत मी?" मग त्यांनी स्वतःचीही एक गोष्ट सांगितली. ती त्यांची आहे, म्हणून इथे लिहीत नाही (आणि वाचणारी तू आहेस). दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी नीट तपासलं. म्हणाल्या, कितीतरी बायकांना होतं, बऱ्याचजणींचं व्यायामाने सुधारतं, पण बायका दाखवायलाच येत नाहीत. मला वाटत होतं, साऱ्या जगात गळणारी मी एकटीच.

आता एक तरुण फिजिओथेरपिस्ट मला व्यायाम शिकवते. लघवी अडवल्यासारखं आत ओढायचं, धरायचं, सोडायचं. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही असं तिचं म्हणणं. माझा चेहरा मात्र फौजदारासारखा होतो. परवा काउंटरवर मी अशी धरून उभी होते, तर समोरचा गृहस्थ घाबरून आपणहून म्हणाला, "कॉफी नाही हो बाई, दारूच आहे." आमचे हे घरी विचारतात, माझं काही चुकलं का? मी सोडते आणि नाही म्हणते. (कधी कधी मुद्दाम धरूनच ठेवते.) खोकून बघितलं, जमलं. उडी मारून बघितली, जमलं. राहिलं ते हसणं. यांनी हौसेने आपले ठेवणीतले विनोद सांगितले. मी ठणठणीत कोरडी राहिले, पण त्याला काही परीक्षा म्हणता येत नाही.

तर साहेब, हा माझा लेखी खुलासा. खोटं बोलले, तुला टाळलं, ते आहेच; पण माझी लाज तू आपल्या अंगावर ओढून घेतलीस आणि हसताना आवाज लहान करायला लागलीस असं धाकटीकडून कळलं, ते मला फार लागलं. तसं करू नकोस. तुझा आवाज लहान झाला तर मला कुठूनच काही ऐकू येणार नाही.

भावोजींना नमस्कार. (यातलं त्यांना काही कळू देऊ नकोस, असं लिहून शाई का फुकट घालवू?)

तुझीच,
टाकी

ता.क. बोक्याला आत घे. पथ्य आजच्या आज बंद. मी त्याची रीतसर माफी मागीन, पण खोलीत माणसं नसताना.

ता.क. दुसरा: विनंती विशेष ती ही. रविवारी ये. माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची काढून ठेवली आहे. साहेब कर, टेबलासकट कर, आणि दयामाया दाखवू नकोस.

ता.क. तिसरा: हे गुपित ठेव असं लिहिणार होते, पण तुझी कुवत मी ओळखून आहे. तेव्हा सांगायचंच तर तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंपासून सुरुवात कर. त्या सहलीला यायचं टाळतात आणि कुठेही गेल्या की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवतात. मीही बघून ठेवते, म्हणून लक्षात आलं. नाव माझं सांग. त्यांना काही विचारू नकोस, फक्त डॉक्टरबाईंचा पत्ता दे.

ता.क. शेवटचा: पाकीट चिकटवण्याआधी पत्र पुन्हा वाचत होते. 'लेखी खुलासा द्या'पाशी आले आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. नापास. तरी ये.