मंडीचा ग्रॅनाइट

१२ जुलै २०११
गुरुदत्तला घरी आणलं. लिफ्ट बंद — त्याच्या भावाने, कमलाकरदादांनी, आणि वॉचमनने खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर चढवलं. हिमाचलात मंडीजवळ दगडांच्या अभ्यासाला गेला असताना जीप दरीत गेली, त्याला दोन महिने होतील. डोक्याची जखम भरलीय, पायांत अजून जोर नाही. दारात मला म्हणाला, "मॅडम, माझ्यामुळे तुम्हाला उगाच त्रास."
मॅडम! बायकोला!

१५ जुलै
भाऊ आठवतो, कॉलेज आठवतं, दगड तर सगळे आठवतात. फक्त मी नाही. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. लग्नाचा फोटो दाखवला. "मुलगी छान आहे," म्हणाला.

२४ जुलै
कळंबोलीच्या ऑफिसातून आले तर मांडीवर दगड घेऊन बसलेला. त्याच्या देखभालीला ठेवलेली कोमल दिवसभर त्याच्याजवळ असते. म्हणाली, "ताई, सायेब जेवले नाय. दगडाशीच बोलतायत."
मी म्हटलं, "सर, मलाही शिकवा ना."
कसा खुलला!
"हा मंडीचा ग्रॅनाइट. हिमालय उभा राहायला लागला पाच कोटी वर्षांपूर्वी, हा पन्नास कोटींचा. म्हणजे हिमालयाने याला जन्म दिलाच नाही. हा अभ्रक बघा. ॲल्युमिनियम भरपूर, चिखलात असतं तसं. समुद्रतळाचा गाळ खोल गेला, वितळला, त्याचा हा झाला."
तासभर बोलला. लग्नानंतर इतकं सलग माझ्याशी कधी बोललाच नव्हता.

९ ऑगस्ट
रोज संध्याकाळी तास. आता मीही प्रश्न विचारते. आज विचारलं, गाळ वितळला कशाने? भूखंड एकमेकांवर आदळले म्हणून, की ताणले जाऊन पातळ झाले म्हणून?
टाळीच वाजवली त्याने! "भांडण तिथेच आहे. नुसत्या रसायनांवरून सांगता येत नाही. गाळ ज्या डोंगरांतून वाहून आला, त्यांच्या खुणा वितळल्यावरही राहतात. त्या या दगडाच्याच समजून आपली फसगत होते."
"तुमचं मत?"
"आदळले. पण पुरावा हातात नाही."
हाच प्रश्न सोडवायला तो गेला होता तिकडे.

१४ ऑगस्ट
दादा पुण्याहून आले. "मी नेतो त्याला. तू किती दिवस विद्यार्थिनी होऊन बसणार?" मी नाही म्हटलं. तो माझा नवरा आहे, त्याला ठाऊक नसलं तरी. मग नळ सोडून बाथरूममध्ये रडले.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. त्याला गुलाब दिला. लाजला!

८ सप्टेंबर
आधाराशिवाय बाल्कनीपर्यंत चालला. कोमलने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र धड आनंदही होईना — बरा झाला की हा तास बंद होईल का?

११ सप्टेंबर
"अनुया!" हाक आली. हातातली पोळी तव्यावर टाकून धावले. ओळखलं होतं! पुरतं! माझा हात हातात घेतला.
मग म्हणाला, "मंडीहून आल्यावर तुला सांगणार होतो. मला वेगळं व्हायचं होतं."
"का?"
"ते आठवत नाही."