चाळीस मिनिटं वजा

१७ जून १९७२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. काल शुक्रवारी बाबांना ऑपरेशनसाठी साडेनऊला बोलावलं होतं. आम्ही दहाला पोचलो. सर्जन आठवड्यातून एकदाच येतात. त्यांनी दुसरा पेशंट घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या खाटेवरच बाबा चार वाजता गेले. संध्याकाळी सगळं उरकलं.

घड्याळ बघूनच निघालो होतो. उशीर कसा झाला ते मला अजून समजत नाही.

तू दोन वर्षांनी आलास, दोन दिवस राहिलास, याचं बाबांना फार बरं वाटलं होतं. वहिनींना नमस्कार. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठकू


२१ जून १९७२

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. ते तरी वेळेवर आलं.

शाळेची घंटा व्हायची तेव्हा तू चपला शोधत असायचीस. आम्ही हसायचो. हसायला नको होतं, असं आता वाटतं. आत्याला आणि काकांना मी स्पष्ट लिहिलं आहे की बाबांना आजारानं नाही, तुझ्या वेंधळेपणानं नेलं.

घड्याळाचं निमित्त तर सांगूच नकोस. गुरुवारी संध्याकाळी निघताना पाहिलं, बाबांचं ते जहाजावरचं पितळी घड्याळ चक्क चाळीस मिनिटं पुढे! बाबा झोपले होते, तू औषधं आणायला गेली होतीस. रेडिओच्या ठोक्यांवर सेकंदाला सेकंद जुळवून ठेवलं. जन्मभर जहाजावर वेळ सांभाळलेल्या माणसाच्या घरात ही कळा, मलाच लाज वाटली. ते मला पाठवून दे. तुला त्याचा उपयोग काय?

प्रकृतीस जप. आशीर्वाद आहेतच.

दादा


२६ जून १९७२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं.

जहाजावर त्या घड्याळाला रोज ठरल्या वेळी चावी देतात, पण काटे हलवत नाहीत. ते किती पुढे गेलं ते वहीत लिहितात आणि तेवढं वजा करून खरी वेळ काढतात. निवृत्त होऊन घड्याळ घरी आणलं तरी बाबांनी हीच शिस्त ठेवली. ते रोज चारेक सेकंद पुढे जाई. दर रविवारी बाबा रेडिओशी ताडून वहीत मांडत. त्यांनी मांडलेला शेवटच्या रविवारचा आकडा चाळीस मिनिटं होता. घरात दुसरं घड्याळ नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

शुक्रवारी काट्यांवर नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे आमच्या हिशेबानं साडेआठ. मी टॅक्सी आणायला निघाले तर बाबांनी थांबवलं. म्हणाले की दादा म्हणेल तुला वेंधळी, पण आज तर तू वेळेच्या आधी आहेस, बस, चहा घे. मी बसले. निम्मा कप त्यांनाही दिला, ऑपरेशनआधी देऊ नये तरी दिला. मग निघालो.

हे तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं. पण आत्या काल दारात उभी राहून बोलून गेली, आत आली नाही. तेव्हा हे पत्रही तिला आणि काकांना उतरवून पाठव, तुझ्याच अक्षरात.

घड्याळ वहीसकट पार्सल केलं आहे. यापुढे पत्र पाठवू नकोस. आशीर्वादही नकोत.

ठकू

ता. क. नळाला पाणी आलं आहे. बाबांची मोठी चादर भिजवली आहे. पिळायला दुसरं टोक धरणारं कोणी नाही, म्हणून ते खिडकीच्या गजाला बांधते आहे.