स्टिअरिंगवरची हळद

३ फेब्रुवारी
वसंता सकाळी चहा न मागता समोर येऊन बसला, तेव्हाच ओळखलं. धाकटा भाऊ आहे, पण काही हवं असलं की मोठ्यासारखा घसा खाकरतो. मागणं निघालं गाडीचं. त्याच्या मनूला सिनेमात पहिलं स्वतंत्र काम मिळालंय. एकसष्ट-बासष्ट सालचं आपलं जबलपूर, सराफाचा खून, खुनी मोटारीतून पळतो. ती मोटार म्हणून बाबांची लँडमास्टर हवी.
नाही म्हटलं.
"काहून पण ताई? पोर्चमध्ये उभीच तर राहते."
उभी राहत नाही. दर रविवारी मदन महल स्टेशनपर्यंत मी नेऊन आणते. त्याला ठाऊक आहे.
बाबांच्या जागेवर खुनी बसणार म्हणे.

५ फेब्रु.
मनू स्वतः आली. हातात पितळी डबा. आईचा पानाचा डबा कुठे सापडला, म्हणून मी विचारलं. ती हसत सुटली. डबा मागच्याच आठवड्यात बाजारातून आणलेला. चहाचं पाणी, बूट पॉलिश, पॉलिश पेपर, आणि झाला साठ वर्षांचा. हेच तिचं काम. नव्याला जुनं करायचं.
"आत्या, मी त्यांना हो बोलून दिलंय. गाडी नाही मिळाली तर वो लोग मुझे निकाल देंगे. सच में."
घाबरली की या मुलीची मराठी संपते आणि हिंदी सुरू होते. खोटं बोलतानाही तसंच होतं. दोन्हीतलं कोणतं, हे मला अजून ओळखता येत नाही.
विचार करते म्हणाले.

८ फेब्रु.
हो म्हटलं. अटी घातल्या: रंग लावायचा नाही, माझ्याशिवाय एकही वस्तू काढायची नाही, शेवटी गाडी दरीत पडते ती आमची नसणार. मनू सगळ्याला हो, हो. दरीसाठी भंगारातला सांगाडा आणलाय, त्याच जातीचा, त्यावर आमच्यासारखाच रंग.
आमच्यासारखाच. हा शब्द आवडला नाही.
फोटो काढून ठेवले. चारी बाजू, इंजिन, सीटखालचं गंजलेलं, डिकीतला पोचा. स्टिअरिंगचा नाही काढला. ते कोण नेणार, असं वाटलं.

१९ फेब्रु., रविवार
कमानिया गेटला शूटिंग. दुकानं बंद, फलक झाकलेले, विजेच्या तारा तशाच लोंबताहेत. गाडी ओळखू येईना. पांढऱ्या पट्ट्यांची टायरं लावलीत. जुना काळ म्हटला की यांना तीच दिसतात. बाबा रोग्यांना बघायला खेड्यापाड्यांतून हिंडायचे, त्या धुळीत पांढरी टायरं कोण ठेवील? शिवाय दाराला रबरी भोंगा. लग्नाच्या बग्गीसारखा.
नंबरप्लेट तर कहर. एम.पी. वीस, मग अक्षरं, मग आकडे. बासष्टात अशा पद्धतीचा नंबर अस्तित्वातच नव्हता. मागे लागलेल्या पोलिसांची अँबॅसिडर पुढच्या जाळीवरून कितीतरी नंतरची. म्हणजे पोलीस भविष्यातून आलेत.
दिग्दर्शकाला सांगितलं. तिशीचा असेल. "मॅडमजी, ऑडियन्स हीरो को देखेगी, नंबर को नहीं."
"मी ऑडियन्सच आहे," म्हटलं.
मनूने मला हाताला धरून बाजूला नेलं. "आत्या प्लीज. माझी नोकरी."

२२ फेब्रु.
न सांगता इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या गोदामावर गेले. गाड्या तिथेच ठेवतात. बाबांची गाडी उभी, आणि तिला स्टिअरिंग नाही. नुसता दांडा. डोळा काढलेल्या माणसासारखी दिसत होती.
मनू मागच्या टेबलावर. समोर दोन स्टिअरिंग, दोन्ही हस्तिदंती रंगाची. एक आमचं. दुसरं तिने नागपूरच्या कबाड्याकडून आणलेलं, सांगाड्यासाठी. दरीत पडताना स्टिअरिंग आपोआप फिरतं, ते जवळून दाखवायचंय, म्हणून हुबेहूब हवं.
"दोन मिनिटांसाठी काढलं आत्या. कलर मॅच करायला. अभी लगा देती हूँ."
हिंदी.
उजवीकडे जिथे बाबांचा अंगठा असायचा तिथे एक चीर आहे. दुसऱ्यावर तशीच चीर अर्धी पाडून झाली होती. काम चांगलं करते, हे कबूल करायला हवं. माझ्यासमोर आमचं परत बसवायला लावलं, मगच निघाले.
पण मी निघाल्यावर काय?

२७ फेब्रु.
आज दरीचा शॉट, भेडाघाटच्या पुढे कुठेतरी. मला येऊ दिलं नाही. सुरक्षेचं कारण. वसंता जाऊन आला, खूश. "काय पडली ताई, काय पडली! एकदम आपल्या गाडीसारखी."
जेवले नाही.

४ मार्च
गाडी परत आली. धुऊन पुसून. कागद घेऊन चेसिस नंबर ताडून पाहिला, बॅटरी धरून, पोर्चमध्ये आडवी होऊन. या वयात. नंबर बरोबर, इंजिनचाही. सीटखालचा गंज, डिकीतला पोचा, सगळं जागच्या जागी. गाडी आपली. तो प्रश्न मिटला.
मग चालवायला बसले. चीर अंगठ्याखाली नेमकी आली. जरा जास्तच नेमकी.
आणि हॉर्नचं बटण. दर खंडेनवमीला गाडीची पूजा होते. बाबा बटणावर आधी हळद लावत, मग कुंकू. बाबांनंतर मी लावते. वरचं पुसून जातं, पण बटणाच्या कडेच्या खाचेत हळद बसलेली असते. पिवळी कड, मधे लाल ठिपके. डोळे मिटून सांगू शकते.
आज खाचेत नुसतं लाल. पिवळं कुठेच नाही.
इथल्या लोकांची पूजा रोळीने होते, म्हणजे नुसत्या लाल कुंकवाने. मनूची आई इथलीच. तिच्या घरात हळद फोडणीला; नकली बटण रंगवताना तिला लालच सुचणार.

५ मार्च
फोन केला. सरळ विचारलं, दरीत कोणतं गेलं?
"डमीवालं आत्या. कितनी बार बोलूँ?"
खाचेतली हळद लाल कशी झाली?
"गाडी साबणाच्या पाण्याने पुसली होती ना सगळी. हल्दी साबुन से लाल हो जाती है. तूच तर शिकवलं होतं."
खरं आहे. हळद साबणाने लाल होते आणि लिंबाने परत पिवळी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेला; मनू आठ-नऊ वर्षांची असताना तिला हा खेळ मीच दाखवला होता, टीपकागदावर.
म्हणजे तिने खरं कारण सांगितलं. किंवा खरं वाटेल असं कारण तिला माझ्याकडूनच मिळालं.

११ मार्च
वसंता भांडून गेला. "स्टिअरिंगच्या चाकासाठी पोरीवर चोरीचा आळ घेऊन राहिली तू."
चोरीचा नाही. दरीच्या शॉटसाठी वरच्यांनी सांगितलं असेल, खरंच लावा, जवळून खरं दिसतं. आणि नोकरी जाईल म्हणून तिने लावलं असेल. मी समजू शकते. मला सांगितलं का नाही, एवढंच.
त्याला हे सांगायला हवं होतं. तो जिना उतरून गेला होता.

१० सप्टेंबर
सिनेमाची जाहिरात आली. वसंताने मोबाइल पुढे केला. गाडी कड्यावरून जाते, मग आतून: रिकामी सीट, स्टिअरिंग गरगर फिरतंय. थांबवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. चीर दिसते. बटण दिसत नाही, त्याऐवजी खुन्याचं रक्त. रक्तही चुकीचं, फार लाल.
पांढऱ्या टायरांसकट गाडी सुंदर दिसते. बाबांना आवडली असती.

१५ ऑक्टोबर
मनूचा निरोप, दसऱ्याला येते. मार्चपासून आलेली नाही. मी रविवारी गाडी काढणं बंद केलंय, हे वसंताने तिला सांगितलं असणार.
परीक्षा सोपी आहे. खाचेत लिंबाचा एक थेंब. हळद असेल तर पिवळी होईल. बाजारचा लाल रंग असेल तर ढिम्म हलणार नाही. सात महिने हे ठाऊक आहे. सात महिने लिंबं आणून सरबत करून पितेय.

२३ ऑक्टो., खंडेनवमी
गोरखपूरहून झेंडू आणले, उद्यासाठी आपट्याची पानं. गाडी धुतली, साध्या पाण्याने. मग लिंबू चिरलं, अर्धी फोड घेऊन सीटवर बसले. आज नवी हळद लावली की जुनी झाकली जाणार. नंतर काहीच कळणार नाही.
फोड हातात धरून बसले होते आणि फाटक वाजलं. मनू. उद्याऐवजी आजच. साडी नेसलेली, पूजेचं ताट स्वयंपाकघरातून तिनेच उचलून आणलं. माझ्या हातातली फोड तिने पाहिली. बटणाकडे पाहिलं. कशासाठी, हे तिला विचारायची गरज नव्हती.
मी सीटवरून उतरले. ती बसली, ताट मांडीवर घेतलं, बोट हळदीत बुडवलं आणि बटणाच्या जरा अलीकडे थांबवलं.
"आत्या, आधी हळद लावायची, मग कुंकू. बरोबर ना? लावू का मी?"
सगळं मराठीत, एकही शब्द अडला नाही.
चष्मा आणते म्हणून आत आलेय. खिडकीतून दिसतेय, बोट अजून तसंच धरून बसली आहे. लिंबू माझ्या मुठीत आहे, रस मनगटापर्यंत आला.