निरोप द्यायचा राहिलेला पाहुणा

मंगळवार, ४ मार्च

निरोप राहिला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बंद पडलेल्या लाँड्रीत बसलो होतो, मी आणि मेव्हणा. मालकाला तिथे भुताचा संशय, पण किल्ली तो फक्त दुपारी देतो, म्हणून दुपारीच. कुणी आलं-गेलं तर कळावं म्हणून दारंखिडक्या दोऱ्याने बांधल्या, फरशीवर पिठाचा हलका थर दिला, इस्त्रीच्या टेबलावर पेटी मांडली. पेटी माझीच. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. जुन्या रेडिओची कॉइल, तांब्याची तार आणि अक्कल! पिवळा दिवा एकदा लागला तर हो, दोनदा लागला तर नाही.

आवाहन म्हटलं. "भूत आहेस?" नाही. "कधी माणूस होतास?" नाही.

म्हणजे दैत्य. भूत आणि दैत्य एकच समजणाऱ्यांची मला कीव येते. मेव्हण्याची बोबडी वळलेली, मी मात्र खुशीत. तेवढ्यात घरून फोन— "अहो, आई पलंगावरून पडल्यात, मला एकटीला उचलत नाहीये, आधी या!"

पेटी काखोटीला मारून पळालो. निरोपाचे शब्द म्हटलेच नाहीत.

घरी पोचतो तर आई पलंगावर. उशी सरळ, चादर पायांखाली नीट खोचलेली. बायको म्हणते, "मी शेजारणीला बोलवायला फाटकापर्यंत गेले होते." शेजारीण म्हणते, "मी तर आत्ताच येतेय."

मग उचललं कुणी?

बुधवार, ५ मार्च

आई बोलली!!

अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली तेव्हा वाचाही गेली होती. दोन वर्षं नुसतं "हं". आज मी तिची वाटी धुवायला नेत होतो, तर मागून स्पष्ट आवाज— "अरे, पाहुण्याला पाणी तरी विचार."

खोलीत कुणीच नव्हतं. पाणी ठेवलं. दुसरं काय करणार?

शुक्रवार, ७ मार्च

मेव्हणा दाराच्या आत यायला तयार नाही. फाटकातूनच बोलतो. "भाऊजी, घरोघर जाऊन तुम्हीच सांगता ना— बोलावलेल्याला निरोप दिला नाही, तर तो आपला मोबदला घेतल्याशिवाय जात नाही?"

सांगतो. खरंच आहे ते.

"मग मोबदल्यात कोण जाणार, ते विचारलंत का?"

विचारलं. पेटीवर, संध्याकाळी, स्वयंपाकघरात. "मी?" दिवा दोनदा. "माझी बायको?" दोनदा.

तिसरा प्रश्न विचारला नाही. पेटी बंद केली. बॅटरी उतरली होती असं बायकोला सांगितलं. बॅटरी कालच घातली होती.

रविवार, ९ मार्च

दुपारी आईच्या दाराशी उभा होतो. आत ती हसत होती. अगदी खो खो. मग म्हणाली, "नाही रे, तो लहानपणापासूनच तसा. घड्याळ उघडलं की जोडता यायचं नाही, पण उघडल्याशिवाय राहायचा नाही."

माझी चुगली! दैत्याजवळ!

आत गेलो तर म्हणते, "त्या पेटीवर कसले हो-नाही, हो-नाही विचारत बसतोस? त्याला गप्पा आवडतात." बायको तोंडाला पदर लावून हसत होती. इतकी वर्षं मेहनत करून पेटी बनवली, आणि हे ऐकायचं! पण राग आलाच नाही. आईने मला टोमणा मारला, पूर्ण वाक्यात. अजून काय हवं माणसाला?

मंगळवार, ११ मार्च

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "उजव्या हातात जोर येतोय. काय करताय वेगळं?"

मी म्हणालो, "माणूस चांगला मिळालाय." माणूस नाही, हे त्यांना कशाला सांगू.

रविवार, १६ मार्च

ठरवलं होतं. आज निरोप द्यायचाच. तिसरं उत्तर मला माहीत आहे, आणि पाहुणा लवकर गेला तर कदाचित रिकाम्या हाताने जाईल. पेटी घेऊन आईच्या खोलीत गेलो, घसा साफ केला.

"कुणाला घालवतोयस?"

"आई, तो कोण आहे तुला माहीत नाही."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं. तुझ्यासारखं आडून आडून नाही."

"मग कशासाठी आलाय तेही सांगितलं असेल."

"सांगितलं. आमचं ठरलंय. तू मध्ये पडू नकोस. मुक्याने पडून राहायचं, की बोलून जायचं? तूच सांग ना, मोठा शहाणा."

पेटी उचलून बाहेर आलो. मागून आवाज— "आणि शब्द मला पाठ आहेत. रोज ओरडून घोकायचास. मुकी होते, बहिरी नव्हते."

गुरुवार, २० मार्च

मोटर-दुरुस्तीचं दुकान दुपारी बंद ठेवतो. मोटरी वाट बघतील. आईजवळ बसतो. वडील हसताना डोळे मिटून घ्यायचे, हे मला माहीतच नव्हतं. मी जन्मलो तेव्हा दाईला चावलो होतो म्हणे! (दात नसताना कसा, हे विचारलं. म्हणाली, "हिरड्यांनी. जिद्द होती.")

पाहुण्यासाठी खुर्ची वेगळी ठेवतो. तिच्यावर कुणी बसत नाही, पण उशी दबलेली असते. आज निघताना त्या खुर्चीला हात जोडले. कुणी पाहिलं नाही.

शनिवार, २२ मार्च

आईने चपला मागितल्या. झटक्यानंतर त्या दिसल्या की ती रडायची, म्हणून बायकोने कागदात गुंडाळून कपाटावर ठेवल्या होत्या. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी स्टूल आणलं, खाली काढल्या, पुसल्या, अंगठा शिवलेला पक्का आहे ना ते ओढून पाहिलं, आणि पलंगाखाली जोडीने ठेवल्या.

रविवार, २३ मार्च

दुपारी आई गेली. मी दाराबाहेरच होतो. आतून माझेच शब्द, एकही न चुकता— "आलास, उपकार झाले. सांगायचं ते सांगितलंस. आता आमचा उंबरठा ओलांड." आणि मग— "थांब रे, चपला घालू दे."

आत गेलो तर ती पलंगावरच. चादर पायांखाली खोचलेली. पलंगाखाली चपला नव्हत्या.

फाटकापाशी सापडल्या, टोकं रस्त्याकडे. दोन्ही तळांना ताजी माती. उजव्यालासुद्धा.

पाहुणे, उपकार झाले.