इरिनीचे पंख

टॅम्पिनीस, सिंगापूर
८ जुलै २०१४

ती. दीपेशदादास,

नमस्कार. तोही सवयीनं लिहिला गेला. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आईला खोलीत कोंडून तुम्ही दोघं लग्नाला गेलात, हे शेजारच्या आशालताकाकूंनी कळवलं. ती जेवली तरी होती का? गुडघा कसा आहे तिचा?

माझी अवनी शाळेच्या नाटकात इरिनी झालीय. आईबापांना छळणाऱ्यांच्या मागे लागणारी ही पंखवाली ग्रीक देवता. तिचे काळे पंख शिवताना मी विचारलं, "ती अशांना कधी सोडते का गं?"

"नेव्हर, ला!" अवनी इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

सव्वीस तारखेला मी आईला न्यायला येतेय. मला कैदाशीण म्हण, हवं ते म्हण, पण आडवा येऊ नकोस.

वहिनीला काही सांगू नकोस. आईला मात्र आजच सांग, अनू येतेय.

अनुजा