पडलेला म्हणजे मेलेला न्हवं

आप्पा, मागं आमच्या मंडळात भांडण झालं आणि ते तुमच्यामुळं मिटलं. तुम्हाला जाऊन सहा वर्षं होत आली, तरी मिटलं तुमच्यामुळंच. म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. सातवीतनं शाळा सोडली तेव्हा होतं तसंच, कोंबडी चालल्यागत. सांभाळून घ्या.

मंडळ म्हणजे काय ते आधी सांगतो. इंग्लंडात ज्या हॉटेलात मी भांडी घासायला आलो आणि आता तंदूर सांभाळतो, ते सोमवारी बंद असतं. समोर चर्चचा हॉल आहे. तिथं सोमवारी दुपारी तीन म्हातारी माणसं टेबलावर लढाई खेळतात. हसू नका. बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई, एकेकाच्या मिशीलासुद्धा रंग दिलेला. थर्माकोलचे डोंगर. फासे टाकायचे, पट्टीनं मोजून शिपाई पुढं सरकवायचा. इंग्रजांच्या राज्यात सरहद्दीच्या डोंगरात ज्या बारक्या चकमकी व्हायच्या, त्या खेळतात. एका बाजूला दहा-बारा गोरे, दुसऱ्या बाजूला डोंगरातली माणसं. मी कचरा टाकायला जाताना खिडकीतनं बघत उभा राहायचो. तुम्ही म्हणायचा तसं, माझ्या पायाला भिंगरी आणि डोळ्याला खाज. एके दिवशी त्यातला एक जण बाहेर आला. रिटायर पोस्टमन, उंच, कानात मशीन. तो इंग्रजीतच बोलतो, पण मला ते आपल्याच भाषेत ऐकू येतं. म्हणाला, "पावणं, थंडीत कशाला उभारलाय? आत या की."

आत आणखी दोघं. एक शाळेत शिकवून रिटायर झालेल्या बाई, आणि एक बस चालवणारा. हा बसवाला शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा. पहिल्याच दिवशी पोस्टमन म्हणाला, तू डोंगरातली माणसं घे. मी म्हटलं, "न्हाय. मी साहेब हुणार. तुम्ही तिघं पळा डोंगरात." बाई एवढ्या हसल्या की चहा शिपायांवर सांडला. तेव्हापासनं मी मंडळातला. नवा डोंगरही मीच केला, थर्माकोल सुरीनं तासून. जोतिबाचा केला. वर गुलालासारखा मारायला गुलाबी रंग मागितला तर त्यांना वाटलं माझं इंग्रजी चुकलं.

आता भांडण. इतकी वर्षं ती माणसं आठवणीवरनं खेळत आलेली, दर सोमवारी नियम बदलायचा. उन्हाळ्यात गावाला खेळ दाखवायचं ठरलं, तेव्हा बाई म्हणाल्या, एकच पुस्तक धरा. पोस्टमनचं पुस्तक जाड. त्यात उन्हाचा तक्ता वेगळा, चढाचा वेगळा, घाबरण्याचा वेगळा. एक गोळी झाडायला तीन पानं उलटायची. बाईंचं पुस्तक पातळ, पत्ता ओढायचा आणि ज्याचा पत्ता त्यानं हलायचं. झटपट. पण त्यात शिपाई पडला की उचलून डब्यात. दोघं हट्टाला पेटली. "तुमच्या पुस्तकानं एका चकमकीला दिवाळी उजाडंल," असं बाई. "आणि तुमच्यानं चहा निवायच्या आत सगळी मरत्यात," असं पोस्टमन. बसवाला दोन्हीकडं मान हलवतोय. शेवटी दोघांनी दोन्ही पुस्तकं माझ्या हातात दिली. "तू नवा हायस, तुझं मन सरळ हाय. घरी ने, वाच, आणि फुडल्या सोमवारी सांग. तू म्हणशील ते."

आप्पा, मला इंग्रजी बोलता येतं. वाचता येत नाही. दुकानांच्या पाट्या चित्रासारख्या ओळखतो, एवढंच. हे त्यांना माहीत नव्हतं. इकडं सात वर्षांत मला कुणी नाव घेऊन हाक मारायची जागा तेवढी एकच, तो हॉल. हॉटेलात मी "तंदूर" आहे. आणि त्या आठवड्यात मला एकच भीती होती, की कळल्यावर ती मला कच्चं लिंबू करतील. काढून टाकणार नाहीत, चांगली माणसं आहेत. खेळायला घेतील, फासे टाकू देतील, पण माझा आउट धरणार नाहीत. गल्लीत बारक्या पोराला करायचो तसं. काढून टाकलेलं बरं, त्यापेक्षा.

आठवडाभर पुस्तकं उशाला घेऊन झोपलो. चित्रं बघितली. आणि त्या चित्रांत बघता बघता आपलं अंगण दिसायला लागलं.

गडमुडशिंगीचं अंगण, दिवाळीचा किल्ला. सगळ्या गल्लीत मातीचे मावळे आणि आमच्याकडं मात्र तुमच्या फौंड्रीतले. तुम्ही मातीचा एक मावळा घेऊन गेला, वाळूच्या पेटीत त्याचा साचा दाबला आणि भंगार ॲल्युमिनियमचे बारा ओतून आणलेत. दुपारची शिफ्ट सुटल्यावर तुम्ही येताय, भुवया काळ्या, डबा हलवताय, आणि डब्यात खुळखुळ वाजतंय. मी एकेक काढून मांडतोय. अकरा ठीक. बाराव्याला उजवा हातच नाही. मी तो गटारीत टाकायला निघालो, तर तुम्ही मनगट धरलंत. "हात भरला न्हाय त्येचा. रस थंड पडला. ही ओतणाऱ्याची चूक हाय, त्येची न्हवं. त्येला लढाईत फुडं ठेवायचा." त्याचं नाव थोटा पडलं.

मग लढाई. गोट्या मारून शिपाई पाडायचे. शेजारचा पोरगा म्हणतोय पडला म्हणजे मेला, मी म्हणतोय न्हाय मेला, आणि दोघं मातीत लोळतोय. तुम्ही पायरीवर बशीत चहा ओतून पीत बसलेला. बशी खाली ठेवलीत आणि आलात. मला वाटलं आता कानफटात बसणार. तुम्ही उकिडवे बसून म्हणालात, "आमच्या फौंड्रीत माणूस पडला तर आम्ही काय करतोय? हजेरीतनं नाव खोडतोय व्हय रे? आधी जाऊन हात लावतोय. पडलेला म्हणजे मेलेला न्हवं. दहा म्हणायच्या आत त्येच्यापाशी कोण पोचला, तर त्यो उठणार. न्हाय पोचला, तर गेला." त्या दिवसापासनं आमच्या किल्ल्यावर कुणी एकटं पुढं जाईना. प्रत्येकाला बघायला लागायचं, आपला माणूस कुठं पडलाय.

सोमवार आला. पोस्टमन म्हणाला, बोला न्यायाधीश. मी आधी खोटंच बोलायला गेलो. म्हटलं, जाड पुस्तक चांगलं वाटलं. बाईंनी शाळेतल्यासारखं विचारलं, "बरं, त्यातलं काय आवडलं?"  तंदुरात हात घालतानाही एवढा घाम येत नाही. मग म्हटलं, "मी वाचलं न्हाय. मला इंग्रजी वाचताच येत न्हाय. पण नियम एक मला ठाऊक हाय, बापाचा." आणि सांगून टाकलं. थोटा, फौंड्री, दहा आकडे, सगळं.

 मग पोस्टमननं कानातलं मशीन नीट केलं. म्हणाला, "हे जाड पुस्तक मी का धरून बसलोय ठाऊक हाय? त्यात जखमी माणूस टेबलावर ऱ्हातोय. डोंगरातल्या लढाईत सगळा जीव त्यातच असायचा, आपला माणूस मागं सोडायचा न्हाय. तेवढं सांगायला ह्यांनी चाळीस पानं घेतली. तुझ्या बापानं एका बशीच्या चहात सांगितलं." बाई म्हणाल्या, मग पातळ पुस्तक आणि वर हा एक नियम. पोस्टमन म्हणाला, कबूल. बसवाल्यानं दोघांकडं बघून मान हलवली.

मी म्हटलं, आणि माझं काय? मला कच्चं लिंबू करू नका. ते काय असतं हे समजावण्यात अर्धा तास गेला. पोस्टमन म्हणाला, "मी जन्मभर पत्रं वाटली. वाचता न येणाऱ्यांनाही वाटली. दारात उभारून वाचून दाखवायचो. वाचता येत न्हाय म्हणून कुणाचं पत्र परत न्हेलं न्हाय." आणि त्याच टेबलावर त्यांनी तुमचा नियम लगेच तपासून घेतला. पहिल्याच डावात माझे चार शिपाई पडले, मी एकाला उचलायला विसरलो. बाई मोठ्यानं दहापर्यंत मोजत गेल्या आणि डब्यात टाकला. कुणी सूट दिली नाही. एवढं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

आता सोमवारी तासभर लवकर जातो. बाई मला नियमांचा कागद वाचायला शिकवतात. वर त्यांनी हातानं तुमच्या नियमाची एक ओळ लिहिलीय आणि त्यातला एक शब्द मी स्वतः वाचला, कुणी न सांगता. आप्पा.

एक सांगायला नको होतं, पण नियम तुमचाच आहे. तुम्ही भट्टीपाशी पडला तेव्हा मी इकडनं दहाच्या आत आलो नाही. दहा दिवसांतही आलो नाही. फोनवर आई एवढंच म्हणाली, की फौंड्रीतली माणसं धावत आली, शेवटपर्यंत हात धरून होती. तेव्हा मला राग आला होता, त्यांचा, की मी का नव्हतो. आता वाटतं, कोण तरी पोचलं होतं. नियम मोडला नव्हता.

हे पत्र शिपायांच्या डब्यात, स्पंजच्या खाली ठेवणार आहे. आणखी एक. इकडं यायला निघालो त्या दिवशी तुम्ही विचारलंत, थोटा कुठाय रे, आणि मी म्हटलं, हरवला. हरवला नव्हता. पँटच्या खिशात होता. एवढा मोठा गडी शिपाई घेऊन निघालाय म्हणून तुम्ही हसाल, असं वाटलं. बाकीच्यांपेक्षा दुप्पट उंच आहे, रंगही नाही त्याला. तरी सोमवारी पुढं तोच असतो.